कालवा बंद, गोळी चालू

माझ्या त्या वयातल्या हुशारीचा मला आजही राग येतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. नगरला औषधशास्त्राच्या पदविकेला होते आणि वर्गात ऐकलेलं घरी सांगितल्याशिवाय मला अन्न पचत नव्हतं. उथळ पाण्याला खळखळाट फार, दुसरं काय.

पप्पा श्रीरामपूरकडं कालव्यावर पाटकरी होते. धरणातून ठरावीक दिवसांचं आवर्तन सुटलं की पाळीपाळीनं कुठल्या चारीला कधी पाणी द्यायचं, कुठलं गेट कधी पाडून बंद करायचं, हे त्यांचं काम. सायकलला किल्ल्यांची पिशवी अडकवून दिवसभर फिरायचे. त्यांची मूत्रपिंडं बिघडलीत आणि रक्तदाब चढलाय, असं नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा आईनं पदराचं टोक तोंडात धरलं. पप्पा भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसले.

डॉक्टरांनी रोज एक गोळी लिहून दिली. म्हणाले, "यानं रक्तदाब उतरेल. शिवाय मूत्रपिंडातल्या काही पेशी नको तेवढ्या वाढतायत, त्यानं रक्त गाळणारी चाळणी बुजत चाललीय. ती वाढही मंदावेल अशी आशा आहे. संशोधन चालू आहे, खात्री देत नाही."

परतीच्या एसटीत पप्पांनी विचारलं, "बाई, गोळी ती वाढ कशी थांबवती गं?"

झालं, मला तेवढंच हवं होतं. "पेशीत कॅल्शियम जायला बारीक वाटा असतात पप्पा, तुमच्या चारीसारख्या. ते आत शिरलं की पेशी फोफावते. ही गोळी तिथलं गेट बंद करते."

"म्हंजी पानी तोडायचं. मग तन माजत न्हाई." पप्पांचा चेहरा उजळला. इतकं चटकन आमच्या वर्गातही कुणाला कळलं नव्हतं. मी घरी येईपर्यंत फुशारून बसले होते.

पुढं वर्षभर दर तपासणीला रक्तदाब छान यायचा. पण मूत्रपिंडाला बाहेर टाकता न आलेली घाण रक्तात किती साठलीय, तो आकडा मात्र दर वेळी थोडा वरच. डॉक्टर कागद उलटसुलट करून बघायचे. एक साधी गोष्ट आमच्या कुणाच्या ध्यानात आली नाही. पप्पा तपासणीला रजा घ्यायचे ती कालवा बंद असतानाच.

उन्हाळ्याच्या आवर्तनात मी सुट्टीला घरी होते. पप्पा सकाळी निघाले, गोळी न घेताच. मी हटकलं.

"आवर्तन चालू हाय न्हवं," ते म्हणाले. मग मला नीट समजावून सांगू लागले. "गोळीनं पाय सुजत्यात. रविवारचं चर्चचं बूट बी चढंनात. मी म्हनलं, गेट कायमचं पाडून ठिवलं की पानी दुसरीकडून फुटनारच. मग पाळी लावली. कालवा बंद, तवा गोळी चालू. कालवा सुटला की गोळी बंद. तूच तर समजावलं हुतं."

पाय सुजणं हा त्या गोळीचा नेहमीचा त्रास. डॉक्टरांच्या कानावर घातलं असतं तर त्यांनी काही मार्ग काढला असता. इथं मात्र प्रत्येक आवर्तनात पप्पांचा रक्तदाब मोकाट सुटत होता. गेटाला पाळी असते हे माझ्या बापाइतकं कुणाला ठाऊक असणार? आणि गेट म्हणाले होते मी.

कालवा चालू असताना मी त्यांना पहिल्यांदाच रजा टाकायला लावली आणि नगरला नेलं. डॉक्टर चिडले. "मध्येच बंद ठेवायला सांगितलं कुणी?"

मी तोंड उघडायला हवं होतं. मी टेबलावरच्या काचेकडं बघत राहिले.

"कुनी न्हाई साहेब," पप्पा म्हणाले. "अडानी मानूस, माझंच डोकं चाललं. पोरगी तर रोज घ्या म्हनत हुती."

मी तसं एकदाही म्हटलं नव्हतं.

त्यानंतर पप्पांनी एकही गोळी चुकवली नाही. पण बुजलेली चाळणी परत मोकळी होत नाही. दोन नाताळ गेले, तिसऱ्याला पप्पा नव्हते. 'आजार मुळातच वाढलेला होता, मनाला लावून घेऊ नका,' असं डॉक्टर मला म्हणाले. त्यांना अर्धीच गोष्ट माहीत होती.

आता माझं औषधाचं दुकान आहे. ही गोळी काम कशी करते, असं गिऱ्हाइकानं विचारलं की मी उदाहरण देत नाही. रोज एक घ्या, त्रास झाला तर डॉक्टरांना विचारा, आपल्या मनानं बंद करू नका, एवढंच तीनतीनदा सांगते. लोक मला फटकळ म्हणतात, म्हणू देत.

आई आता थकलीय. पप्पांचा विषय निघाला की आल्यागेल्याला सांगते, "पोरगी रोज घ्या, रोज घ्या म्हनून कानीकपाळी वरडत हुती. ह्यांनीच ऐकलं न्हाई." मी चहा ठेवायला आत जाते.