अक्का आणि अर्धी गोळी

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी कमलनगरच्या बाजारात मेथीची जुडी उलटीपालटी करून बघत होतो. बायको म्हणाली, "अक्का गेल्या... जेवून जरा टेकल्या, त्या उठल्याच न्हाईत." मी "बरं, बरं, येतो" म्हणालो, जणू तिनं आणखी एक भाजी सांगितली होती. जीपमध्ये बसलो आणि आमच्या गावापर्यंत, खटकचिंचोळीपर्यंत, ती जुडी छातीशी धरून होतो. बावन्न वर्षांचा बाप्या मी, पण मोठी बहीण गेली की माणूस एकदम लहान होतो.

अक्का माझ्याहून नऊ वर्षांनी थोरली. दाजी वारल्यावर आमच्याकडेच राहिली आणि माझ्या लेकीची, रेणूची झाली. रेणू अकरा वर्षांची असताना तिची झोप उडाली. "विहिरीच्या काठावर माणसं उभी राहून माझ्याबद्दल बोलायलेत," म्हणायची. अंगारे, धागेदोरे सगळं झालं, त्यात पुढाकार अर्थातच माझा. शेवटी अक्का म्हणाली, "अंगारा असू दे की. पर डॉक्टरला बी बघू दे."

कलबुर्गीच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी पोर झोपायला लागली, हसायला लागली. पण भूक अशी की चार भाकरी खाऊन पुन्हा टोपल्याकडे बघायची. वर्षात सगळे कपडे तंग. अक्का कधी "पुरे कर" म्हणाली नाही. ज्वारीच्या लाह्या फोडून ठेवायची, काकड्या चिरून द्यायची, सकाळी तिला शेतापर्यंत चालवत न्यायची. शाळेत जाऊन बाईंनाही सांगून आली, "पहिल्या तासाला पोरगी पेंगती, वरडू नका. औषधाची झोप हाय ती, आळसाची न्हाई."

मग पुतण्याचं लग्न आलं. मांडवात कुणीतरी रेणूचा गाल ओढून म्हणालं, "कुठल्या गिरणीचं पीठ खातीस गं?" सगळे हसले. रेणू त्या दिवशी पंगतीला बसली नाही... मला ते सहन झालं नाही, आणि दहावीत विज्ञानात नापास झालेला मी डॉक्टर झालो. गुपचूप गोळी अर्धी तोडून द्यायला लागलो. उरलेले तुकडे फेकवेनात, औषध शेवटी! म्हणून पानाच्या डब्यात ठेवले.

वजन तसूभर हललं नाही, झोप मात्र गेली. रेणू पुन्हा विहिरीकडे टक लावून बघायला लागली. पंधराव्या दिवशी अक्कानं सुपारीसाठी डबा उघडला.

"दत्तू, ही सुपारी पांढरी कामून हाय रे?"

"जुनी असंल."

"जुनी सुपारी गोळीवानी रेघेवर तुटती व्हय?" तिनं तुकडे माझ्या तळहातावर ओतले. "पोरगी पंधरा दिस जागी हाय, आन् तू पान खायलास."

दुसऱ्याच दिवशी आम्ही कलबुर्गीच्या बसमध्ये. डॉक्टरांच्या दाराशी अक्का म्हणाली, "तू सांगतूस, का मी सांगू?" मीच सांगितलं. माझं कन्नड मोडकं, त्यात गुन्हाही मोडका दिसेल अशी आशा होती. अक्कानं तो अस्खलित कन्नडमध्ये पहिल्यापासून पुन्हा सांगितला. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, वजनाचा त्रास खराच आहे, तो मला का सांगितला नाही? गोळी बदलता येते, पण हळूहळू, आणि मी बदलणार, तुम्ही नाही. त्यांनी ती बदलली. पुढं वजन आवरलं, झोपही परतली.

परवा अक्काशिवाय पहिल्यांदा गेलो. टेबलाजवळच्या खुर्चीत रेणू बसली. डॉक्टरांनी विचारलं, "कसं आहे?" माझं "सगळं बरं हाय" ओठांवर तयार होतं. त्याआधी रेणूच बोलली, "लिहिताना हात कापायलाय. तीन आठवडे झाले. अप्पांना सांगितलं न्हाई."

"का गं?"

तिनं माझ्याकडे बघितलं, मग डॉक्टरांकडे. "सांगितलं तर अप्पा गोळी तोडतेत."

डॉक्टर तिला हात पुढं करायला सांगून नीट बघायला लागले. मी माझी खुर्ची थोडी मागं सरकवली... अक्का बोलायला लागली की सरकवायचो तशीच.