सपाट फरशीवरचा वॉकर

नव्वद सालानंतरची दोन-तीन वर्षं मी पनवेल तालुक्यात म्हाताऱ्या माणसांची ताकद मोजत फिरत होते. आज कुणाला सांगितलं तर हसू येतं, पण नोकरी तीच होती. मुंबईच्या एका संस्थेनं वयस्कर माणसांच्या प्रकृतीचा अभ्यास हाती घेतला होता. साठी उलटलेलं माणूस कसं आणि कशानं खचत जातं, हे त्यांना बघायचं होतं. त्यासाठी पनवेल गावातली, नवीन पनवेलच्या सोसायट्यांतली, आसपासच्या खेड्यांतली आणि डोंगराकडच्या वाड्यांवरची माणसं निवडली होती. दर सहा महिन्यांनी त्याच माणसांकडे जायचं, तेच प्रश्न विचारायचे, तीच मापं घ्यायची.

मी समाजकार्याची पदवी घेऊन वर्षभर घरी बसले होते. पनवेलचीच असल्यामुळे मला हे काम मिळालं. खांद्यावरच्या पिशवीत वजनकाटा, टेप, स्टॉपवॉच आणि मुठीची ताकद मोजायचं एक यंत्र असायचं. शिवाय एक घडीचं स्टूल. ‘हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठता येतं का,’ असा प्रश्न फॉर्मवर होता आणि वाड्यांवर कुणाच्या घरात खुर्चीच नसायची, म्हणून ते स्टूल मी वागवत असे.

कर्नाळ्याच्या डोंगराखाली एक कातकऱ्यांची वाडी होती. गोव्याच्या रस्त्यावर एस.टी.तून उतरायचं आणि पाऊण तास चढत जायचं. तिथली एक म्हातारी आमच्या यादीत होती. वय तिला ठाऊक नव्हतं. मी पासष्ट लिहिलं. नवरा कधीच गेलेला, एक मुलगा, सून आणि नातवंडं. उभं आयुष्य तिनं वीटभट्टीवर डोक्यावरून विटा वाहिल्या होत्या. गेल्या दोन-तीन वर्षांपासून गुडघे धरल्यामुळे ती भट्टीवर जायची बंद झाली होती.

पहिल्या फेरीत मी तिच्या हातात यंत्र दिलं आणि जोरात दाबायला सांगितलं. काटा सरसर पुढे गेला. तिला काही समजलं नाही, पण माझा चेहरा बघून ती म्हणाली, “तू दाब की आता.”

मी दाबलं. माझा काटा तिच्या बराच मागे राहिला. म्हातारी तोंडावर पदर घेऊन हसली. “बाय, तुजं कसं व्हनार म्हातारपनात?”

चालण्याच्या चाचणीला मात्र ती रखडली. टेपनं मोजलेलं चार मीटरचं अंतर तिनं झोपडीच्या कुडाला धरत धरत कापलं. मी सेकंद लिहून घेतले. निघताना तिनं विचारलं, “आता गोळी देशील ना गुडघ्याची?”

गोळ्या द्यायला मनाई होती. आम्ही औषधपाणी करायला लागलो, तर माणसं आपोआप कशी खचतात ते कळणार कसं, असं आम्हाला प्रशिक्षणात समजावलं होतं. दवाखान्यात जा, एवढंच सांगायची परवानगी होती. मी तेवढं सांगितलं. ती बरं म्हणाली.

दुसऱ्या फेरीला गेले तेव्हा उन्हाळा होता आणि वाडी जवळजवळ रिकामी होती. दिवाळीनंतर सगळी धडधाकट माणसं पोराबाळांना घेऊन भट्ट्यांवर जातात, ती पावसाळ्याच्या तोंडाला परततात. मागे राहतात ती ज्यांना चालवत नाही अशी चार-दोन म्हातारी माणसं. माझी म्हातारी दाराशी बसून होती. वजन चार किलोंनी उतरलं होतं. यंत्राचा काटा मध्येच अडकल्यासारखा थांबला, तेव्हा तिनं स्वतःच यंत्र उलटसुलट करून पाहिलं.

“बिघारलाय,” ती म्हणाली.

बिघडलं नव्हतं. मी दोनदा तपासलं.

फॉर्मवर एक प्रश्न होता, गेल्या आठवड्यात दोन वेळा पोटभर जेवलात का. ती म्हणाली, “तांदूल हायेत. पानी नाय आनवत.” ओढा खालच्या अंगाला होता. शेजारच्या झोपडीतला एक म्हातारा दिवसाआड तिला एक कळशी आणून द्यायचा. त्याला स्वतःला धड दिसत नव्हतं. म्हणजे पाणी आलं त्या दिवशी भात, नाही आलं तर तशीच. मी होय आणि नाही या दोन चौकोनांपैकी नाहीवर खूण केली.

त्या आठवड्यात मी संस्थेत गेले आणि आमच्या सरांशी बोलले. सर डॉक्टर होते, पन्नाशीचे, मृदू स्वभावाचे. त्यांनी कधी कुणाला दुखावलेलं मी पाहिलं नाही. माझं सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, “अगं, आपण एकीला दिलं की सगळ्यांना द्यायला हवं. आणि सगळ्यांना देण्यासाठी हा अभ्यास नाही.”

“पण सर, ती ओढ्यापर्यंत जाऊ शकत नाही, एवढाच प्रश्न आहे.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून एक ॲल्युमिनियमचा वॉकर आणला. चार पायांचा, खाली रबरी बुचं असलेला. त्यांच्या आईचा होता. आई गेल्यापासून माळ्यावर पडून होता. “हे अभ्यासात धरायचं नाही,” ते म्हणाले. “माझ्याकडून म्हणून दे.” मला इतका आनंद झाला, की तो वॉकर मी मुंबईहून दोन एस.टी. बदलून मांडीवर धरून आणला. कंडक्टरनं विचारलं, घरी कोण आजारी आहे? मी म्हटलं, आजी.

वाडीवर म्हातारीला तो खेळण्यासारखा वाटला; ती त्याला ‘गारी’, म्हणजे गाडी, म्हणू लागली. झोपडीपुढचं अंगण सारवलेलं होतं. तिथे मी तिला शिकवलं. आधी वॉकर पुढे ठेवायचा, मग एक पाय, मग दुसरा. तिनं चार फेऱ्या मारल्या. शेजारचा तो जवळजवळ आंधळा म्हातारा कान देऊन आवाज ऐकत होता. तिनं तिसऱ्या फेरीला कुडाचा आधार सोडला, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. संध्याकाळची एस.टी. चुकू नये म्हणून मी घाईनं निघाले. ओढ्याकडची वाट मी पाहिली नव्हती. ती उतरती होती, सुट्या दगडांची, मध्ये मुळं वर आलेली. मला ती कधी बघावीशीही वाटली नाही. त्या वस्तीत अंगण सोडलं तर वॉकरचे चार पाय एका पातळीत टेकतील अशी जागाच नव्हती, हे मला नंतर कळलं.

पंधरा दिवसांनी, कशी चालतेय ते बघू म्हणून गेले. अंगणात कुणी नव्हतं. आंधळा म्हातारा माझ्या चपलांचा आवाज ऐकून म्हणाला, “ती परली. तीन दीस जालं. त्या तुज्या गारीसंगं गेलती पानी आनाय.”

ती आत जमिनीवर पडून होती. उजवा पाय बाहेरच्या बाजूला वळलेला, आखूड दिसणारा. त्या म्हाताऱ्यानं आणि आणखी एका बाईनं तिला ओढ्यावरून ओढत आणलं होतं. मला बघून ती म्हणाली, “बाय, तुजी गारी मोरली का गं? मी बगितली नाय.”

मी खालच्या गावातून दोन माणसं बोलावून आणली. त्यांनी घोंगडीची झोळी करून तिला रस्त्यापर्यंत आणलं. तिथून टेम्पोनं पनवेलच्या एका दवाखान्यात. खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टर एक्स-रे उजेडाकडे धरून म्हणाले, “मुंबईला न्यायला हवं. ऑपरेशन झालं तर उभी राहील. बरोबर कोण राहणार? दीड-दोन महिने लागतील.”

मी राहीन, असं म्हणायला माझं तोंड उघडलं नाही. घरी माझं लग्न ठरत होतं आणि फेरीचे निम्मे फॉर्म बाकी होते. ही कारणं तेव्हा मला पुरेशी वाटली.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या मुलाला शोधत खाडीच्या बाजूच्या भट्टीवर गेले. तो मातीच्या चिखलात गुडघाभर उभा होता. त्यानं सगळं ऐकलं आणि हात पुसत म्हणाला, “भट्टी लागलीय बाय. आता कसा येव मी?” शेवटी सून आली, तान्ह्या पोराला पाठीशी बांधून.

तोवर दवाखान्यात म्हातारीच्या पायाला दोरी बांधून खाटेच्या टोकाला वजन लटकवलं होतं. वजन म्हणून विटा होत्या. तेव्हा सगळीकडे तसंच करत. म्हातारी त्यांच्याकडे बघत सुनेला म्हणाली, “कच्ची हाय ती वरची. पावसात टिकायची नाय.” सून हसली नाही.

सहाव्या दिवशी सून मला दवाखान्याच्या फाटकाशी भेटली. “मी हिला नेतंय,” ती म्हणाली. “मागं तीन पोरं हायेत भट्टीवं. लहानी चुलीत परल.”

“अशी नेलीत तर पाय जोडला जाणार नाही.”

“हितं तरी कुटं जोरला?”

मग मी ते विचारलं, जे विचारायला खरं तर आले होते. “वॉकर मी दिला म्हणून त्या पडल्या, असं वाटतं का तुम्हाला?”

तिनं पाठीवरचं पोर वर सरकवलं. “व्हय,” ती म्हणाली, पण रागानं नव्हे. “तू दिला नसता, त ती बसून राहाती.” आणि लगेच पुढे म्हणाली, “बसून बी मेलीच असती. टेम्पो बगशील का जरा?”

मी टेम्पो बघून दिला. म्हातारीला मागे गोणपाटावर निजवलं. वळणावर टेम्पो आदळला, तेव्हा तिचा आवाज मला फाटकापर्यंत ऐकू आला.

तिसऱ्या फेरीला, पावसाळ्यानंतर, मी वाडीवर गेले. सुनेनं सांगितलं, म्हातारी भट्टीवरच वारली, पाऊस लागायच्या आधी. पाठीला जखमा झाल्या होत्या आणि त्यांत किडे पडले होते. शेवटी शेवटी भात तोंडात घेऊन ती नुसती धरून ठेवायची. जाळायला लाकडं मिळाली नाहीत, म्हणून तिथेच खाडीच्या काठाला पुरली. वॉकर कुठे आहे ते मी विचारलं नाही.

फॉर्मवर शेवटी एक जागा होती: मृत्यू, आणि त्याखाली कारण. मी सगळं लिहिलं. हाड कसं मोडलं, पाणी का आणावं लागलं, घरी का नेली. जागा पुरली नाही म्हणून मागचा कागद भरला. सरांनी तो दोनदा वाचला. ते मनापासून हळहळले, चष्मा काढून डोळे पुसले. मग म्हणाले, “मृत्यूचा दाखला नाही ना? दाखल्याशिवाय मृत्यूत धरता येणार नाही. आणि वॉकर आपण दिला होता, म्हणजे ही केस तशीही बाद होते.” त्यांनी माझ्यासमोर लाल पेननं त्यावर ‘संपर्क तुटला’ असं लिहिलं. मागचा कागद काढून माझ्याकडे दिला. तो मी कुठे ठेवला, आठवत नाही.

अभ्यास संपल्यावर मुंबईत एका सभागृहात निष्कर्ष सांगायचा कार्यक्रम झाला. माझं तोवर लग्न झालं होतं, तरी सरांनी आवर्जून बोलावलं. एक निष्कर्ष असा होता, की डोंगराकडच्या वस्त्यांवर साठीच्या पुढे टिकलेल्या माणसांची मूठ शहरातल्या म्हाताऱ्यांपेक्षा बळकट असते. लोकांना त्याचं कौतुक वाटलं. कष्टाच्या जीवनाबद्दल, साध्या आहाराबद्दल कुणी कुणी बोललं.

पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, “वाड्यांवरची बरीच माणसं मध्येच गळालेली दिसतात. ती कुठे गेली?”

“कामासाठी स्थलांतर करतात ती कुटुंबं,” सर म्हणाले आणि सभागृहात मला शोधत मागे बघू लागले. “आमच्या या ताई प्रत्यक्ष तिथे जायच्या. स्थलांतरच ना?”

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी उभी राहिले.

“हो सर,” मी म्हणाले आणि खाली बसले. बाईंनी ते वहीत टिपून घेतलं. मग चहाची सुट्टी झाली.