ओस्लोत उतरलो नदीच्या खालच्या अंगाला

ओस्लोला जायचं ठरलं तेव्हा आबांनी एकच अट घातली. दत्ताच्या घरी उतरायचं नाही.

आबा म्हणजे माझे वडील. देवगाव रंगारीला राहतात. उमेदीची सगळी वर्षं मेंढरांमागे गेली, आता थोडी शेती आणि दारात चार शेळ्या. दत्ता माझा धाकटा भाऊ, नोकरीनिमित्त नॉर्वेच्या राजधानीत स्थायिक झालेला. तिथंच त्यानं इंग्रिडशी लग्न केलं आणि लग्न झाल्यावर फोन करून आम्हाला सांगितलं. आबा फोनवर फक्त ‘बरं’ म्हणाले आणि फोन माझ्या हातात दिला. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. ते झालंच नाही, बोलणं तेवढं आटलं. पुढं दत्ताला मुलगी झाली, मीरा. तिचे व्हिडिओ मात्र आबा शेळ्या सोडायच्या आधी एकदा आणि बांधल्यावर एकदा बघायचे.

मग एका दुपारी ते आपणहून म्हणाले, “पोरीला बघून यावं म्हणतो. पर त्याच्या घरी राहणार नाय. पाव्हण्यासारखं जाऊ, बघू, येऊ.”

दत्ताला हे सांगायचं काम माझ्याकडं आलं. तो म्हणाला, “ताई, येऊ दे त्यांना. कुठंही राहू दे.”

म्हणून ओस्लोत कुठं राहायचं, हा प्रश्न माझ्या गळ्यात पडला. मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात खरेदी विभागात आहे. दहा ठिकाणचे भाव मागवून एक निवडणं हे माझं रोजचंच काम, पण त्या आठवड्यात मी मेटाकुटीला आले. तुम्ही जाणार असाल तर माझी मेहनत तुमच्या कामाला यावी.

मुख्य स्टेशनाजवळ राहिलात तर विमानतळावरची रेल्वे थेट दारात आणते आणि फिरायला सगळं जवळ पडतं. पण तिथं गजबज फार आणि खोल्या एवढ्याशा. पश्चिमेला फ्रोगनर आणि मायोर्स्टुएन हे शांत, झाडांचे, सुखवस्तू भाग आहेत. शिल्पांचं ते प्रसिद्ध उद्यान तिकडंच आहे. तिथले दर बघून मी लॅपटॉपच मिटला. ग्रुनरलोका हा तरुणांचा भाग, कॉफीची दुकानं, जुन्या कपड्यांचे बाजार, भिंतींवर चित्रं. त्याला लागून ग्रोनलांड. तिथं आशियाई आणि आफ्रिकी लोकांची वस्ती, किराणा स्वस्त, भेंडी-कोथिंबीर मिळते. ‘जरा जपून’ असंही काहींनी लिहिलं होतं.

मी नकाशात दुसरंच शोधत होते. आबा पहाटे उठतात आणि चालायला लागतात. जिथं रस्ते ओलांडावे लागणार नाहीत अशी वाट मला हवी होती. शहराच्या उत्तरेच्या तळ्यातून निघून भर वस्तीतून समुद्राकडं जाणारी एक नदी दिसली, आकेर्सएल्वा. दोन्ही काठांनी पायवाट. ग्रुनरलोका आणि ग्रोनलांड जिथं एकमेकांना भिडतात तिथं, नदीपासून हाकेच्या अंतरावर, स्वयंपाकघर असलेली दोन खोल्यांची जागा मिळाली. दत्ताचं घर याच नदीवर, पण खूप वर, न्यूदालेनला. जागा पक्की केली.

व्हिसाच्या बोटांच्या ठशांसाठी मुंबईला जावं लागतं. आबांचे ठसे मशीनला सापडेनात. काउंटरवरची मुलगी ओल्या रुमालानं त्यांची बोटं पुसायची, दाबून धरायची, पुन्हा पुसायची. आबा तिला म्हणाले, “झिजलेत गं.” शेवटी उमटले. सोबत बाजरीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि तिखट घेतलं. तूप आणि खवा मात्र नेऊ नका, बाहेरून आणलेले दुधाचे पदार्थ तिथं चालत नाहीत. गुलमंडीच्या बाजारातून आबांना बूट घेतले. धोतर आणि फेटा बदलायचा प्रश्नच नव्हता.

जूनमध्ये आम्ही पोहोचलो. विमानतळावर दत्ता एकटा आला होता. तो पाया पडला, आबांनी डोक्यावर हात ठेवला आणि सामानाच्या गाडीकडं वळले. रेल्वेत दोघं समोरासमोर बसले, पण दोघंही खिडकीबाहेर बघत होते. बाहेर हिरव्या टेकड्या, लाल लाकडी घरं आणि दूरवर कुणी माणूस नाही. आबा माझ्याकडं वाकून म्हणाले, “एवढं हिरवं आन् चरायला कुणी नाय.”

ग्रोनलांडबद्दलची माझी धास्ती पहिल्याच संध्याकाळी गेली. खाली किराण्याचं दुकान होतं. मालक मूळचे पाकिस्तानातले, आबांच्याच वयाचे. आबा सरळ आपल्या गावच्या दख्खनी हिंदीत सुरू झाले, “ये आटा काय का हय, भाई?” मालक चमकले, हसले आणि म्हणाले, “कहाँ के हो आप?” आबांनी सांगितलं, “देवगाव रंगारी के.” जणू तिथून पुढं काही सांगायची गरजच नाही. त्या गृहस्थांनीही “अच्छा, अच्छा” म्हणत मान डोलावली आणि चहा मागवला. परदेशात वडीलधाऱ्यांना नेणार असाल, तर त्यांना कुणाशी तरी बोलता येईल असा भाग निवडा. शहराचं सौंदर्य नंतर बघता येतं.

दुसऱ्या दिवशी दत्ता इंग्रिड आणि मीराला घेऊन नदीकाठच्या हिरवळीवर भेटायला आला. इंग्रिडनं वाकून नमस्कार केला, तो इतका नेमका होता की आबा गोंधळले. मीरा दोन-अडीच वर्षांची. आधी लांबून फेट्याकडं बघत राहिली. मग दत्ता तिला म्हणाला, “हिकडं ये, आजा बघ तुझा.” ती आली, फेट्याला हात लावला आणि बोलली, “लई मोठं!” सोनेरी केसांची ती पोर आमच्या गावच्या हेलात बोलत होती. म्हणजे दत्ता घरात तिच्याशी असंच बोलतो. आबांनी तिला मांडीवर घेतलं आणि बराच वेळ मान वर केली नाही. तरी दत्तानं घरी यायचं विचारल्यावर उत्तर आलं, “बघू.” आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे नाही.

पुढचे दिवस आम्ही शहर बघितलं. बस, ट्राम, मेट्रो आणि खाडीतल्या बोटी या सगळ्यांना एकच पास चालतो, आठवड्याचा घ्या. हॉटेलात जेवणं खिशाला झेपत नाही. घरी भाकरी करा, नळाचं पाणी बाटलीत भरून निघा. ऑपेराची इमारत पांढऱ्या दगडाची, पाण्यातून वर आल्यासारखी. तिच्या उतरत्या छपरावर लोक खुशाल चालत जातात. आबाही चढले. वर उभं राहून त्यांनी खाडी बघितली, बेटं बघितली, पलीकडची जंगलं बघितली. धोतर वाऱ्यानं फडफडत होतं. कॉफीच्या दुकानांबाहेर बाबागाड्यांत बाळं एकटी झोपलेली आणि आया आत बसलेल्या. आबा एका गाडीपाशी राखण करत उभेच राहिले, आई बाहेर येईपर्यंत. पुस्तक वाचायला रात्री दिवा लागत नाही, असा तो उजेड. आबांना मात्र तो पसंत नव्हता. दिवस मावळल्याशिवाय झोपायची त्यांना सवय नाही.

एकदा ट्राममधून उतरताना त्यांनी विचारलं, “त्याचं घर कुठं म्हनली तू?” मी म्हटलं, “याच नदीच्या वरच्या अंगाला.” ते वळून नदीकडं बघत राहिले.

दोन दिवसांनी सकाळी जाग आली, तर आबांचं अंथरूण घडी घालून ठेवलेलं. बूट नाहीत. फोन चार्जिंगला तिथंच. रोजच्यासारखे फिरायला गेले असतील म्हणून मी चहा टाकला. चहा निवला तरी ते येईनात, तेव्हा मी खाली धावले. नदीकाठी त्यांचा नेहमीचा बाक रिकामा होता. कुणाला विचारणार आणि काय सांगणार? मी पायवाटेनं पळत सुटले. वाटेत जुन्या विटांच्या गिरण्या लागल्या, त्यांच्यामधून धबधबा कोसळत होता. एरवी मी तिथं तासभर थांबले असते. त्या सकाळी मला फक्त पाण्याची भीती वाटत होती.

तेवढ्यात दत्ताचा फोन आला. “ताई, आबा इथं आहेत.”

झालं होतं असं. इंग्रिड मीराला बालवाडीत सोडायला नदीकाठानंच जाते. वळणावर तिला लांबून फेटा दिसला. आबा एका बाकावर बदकं बघत बसलेले. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. इंग्रिडनं मीराला त्यांच्या शेजारी बसवलं, दत्ताला फोन केला आणि आपणही बसून राहिली.

मी मेट्रोनं न्यूदालेनला पोहोचले, तेव्हा दत्ताही कामावर न जाता तिथं आलेला. मी आबांवर चिडले. ते म्हणाले, “वाट सोडून कुठं गेलो मी? पान्याच्या कडंनं आलो. पुढं घर कोणतं ते ठाव नव्हतं, म्हनून बसलो.” मग त्यांनी दत्ताला विचारलं, “ही नदी येती कुठून?” दत्ता म्हणाला, “चला, दाखवतो.”

इंग्रिडनं मीराला बाबागाडीत घातलं आणि आम्ही सगळे वर चालू लागलो. वस्ती विरळ होत गेली, झाडी दाट झाली, आणि बांध चढून वर आलो तर समोर तळं. मारिदालचं तळं. पलीकडं काळपट हिरवं जंगल, त्याचं पाण्यात उलटं पडलेलं रूप, आणि पाण्यावर एक सुरकुती नाही. दत्तानं सांगितलं की बहुतेक शहर हेच पाणी पितं, म्हणून यात कुणी पोहत नाही, कपडे धूत नाही, हातही घालत नाही.

“राखन कुठं आहे?” आबांनी विचारलं.

“राखण नाही, आबा. लोकांना माहीत आहे.”

मी राहते त्या सिडकोत नळाला पाणी कितीतरी दिवसांआड येतं. आबांनी तर हयातभर मेंढरांना पाणी दाखवायला कोस कोस तुडवलेत. ते काठावर बूट काढून उभे राहिले. मीही. इतकं पाणी, उघडं, कुणाच्याही हाताशी, आणि कुणी हात लावत नव्हतं. इंग्रिड मीराला घेऊन थोडी लांब गेली. मला वाटतं, मुद्दामच.

बऱ्याच वेळानं आबा पाण्याकडंच बघत बोलले.

“मला आधी सांगायचं होतं तू. मी नाय म्हनलो असतो. चार दिवस जेवलो नसतो. मग व्हय म्हनलो असतो. ते चार दिवस बी तू मला दिले नाय.”

दत्ता म्हणाला, “मला भीती वाटली, आबा. तुम्ही नाहीच म्हणत राहाल अशी.”

“व्हय. वाटली असंल.” आबा खाली बसून बुटाच्या नाड्या बांधू लागले. त्यांना अजून ते नीट जमत नव्हतं. दत्तानं खाली बसून बांधून दिल्या आणि त्यांनी पाय मागं घेतला नाही.

त्या दिवशी आम्ही दत्ताच्या घरी जेवलो. मी तिथल्या सपाट शेगडीवर भाकरी केली. ती फुगली नाही. इंग्रिडनं तिखटाबरोबर खाल्ली, डोळ्यांत पाणी आलं, तरी पुन्हा घेतलं. मुक्काम मात्र आम्ही खालीच ठेवला. आबा बोलले ते बोलले. पण आता ते रोज सकाळी नदीनं वर जायचे आणि संध्याकाळी दत्ता त्यांना मेट्रोनं सोडायला यायचा. निघायच्या दिवशी इंग्रिडनं दत्ताकरवी विचारलं, पुढच्या वेळी घरीच राहाल का, एक खोली रिकामीच असते. आबा “बघू” म्हणाले. माझं तोंड उतरलं. थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, “खोली कोनती म्हनली ती?”

घरी येऊन आता बरेच महिने झाले. ओस्लोत कुठं राहावं असं कुणी विचारलं, तर मी नदीचा खालचा काठ सांगते. स्टेशन चालत जाण्यासारखं आहे, भाजी मिळते आणि सकाळी दार उघडलं की वाट तयार असते. मनात राहिलं म्हणाल, तर ते तळं. कधी बायपासच्या रहदारीत अडकले की ते डोळ्यांसमोर येतं, आणि खरंच तसं होतं ना, असं स्वतःलाच विचारते.

दत्ताच्या लग्नानंतर त्याची आणि आबांची खुशाली माझ्याच फोनवरून इकडून तिकडं जायची. परवा आबांचा फोन आला. पाऊसपाणी, शेळीला झालेली करडं, सगळं सांगून झालं आणि ठेवता ठेवता ते म्हणाले, “आन् इंग्रिडला पुन्ना दिवस गेलेत. तुला सांगितलं नाय का त्यानं?”

नव्हतं सांगितलं. त्यानं आधी देवगावला फोन केला होता.