माझ्या सहीचा रॅम्प

शुगरनं माझा डावा पाय गुडघ्याखालून नेला, त्याला आता तीन वर्षं झाली. त्याआधीच मी निवृत्त होऊन अमरावतीत राहायला आलो होतो. नोकरी सगळी अकोला जिल्ह्यात झाली, सरकारी बांधकाम खात्यात, कनिष्ठ अभियंता म्हणून. शाळेच्या खोल्या, दवाखान्यांची कुंपणं, नाल्यावरचे लहान पूल. तेल्हाऱ्याच्या बाजूचं आमचं घर. बापानं रस्त्याच्या कामावर खडी फोडली आणि हजेरीच्या कागदावर आयुष्यभर अंगठा उमटवला. आमच्या घरात सही करणारा पहिला माणूस मी. नोकरीला लागल्यावर पहिल्यांदा बिलावर सही केली, त्या दिवशी घरी येऊन ती बापाला कोऱ्या कागदावर करून दाखवली होती. त्यानं तिच्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "वळणदार हाये."

पाय गेल्यावर नकली पाय बसवला. तो घालता-काढता यावा म्हणून पँटला बाजूनं चेन लावून घ्यायची होती. बायको म्हणाली, दोन गल्ल्या सोडून एक ताई शिवणकाम करतात, त्यांच्याकडे जा. ताईंना लहानपणी पोलिओ झालेला, तेव्हापासून त्या व्हीलचेअरवर. मोटरच्या मशीनचं पायानं दाबायचं बटण त्यांनी टेबलावर बसवून घेतलंय, ते कोपरानं दाबत भराभर शिवतात. माझी पँट उलटी-पालटी करून त्यांनी विचारलं, "साहेब, एकाच पायाले लावू का दोन्ही? पुढचं काही सांगता येत नाई."

मी रागवायचं की हसायचं, ते ठरायच्या आत हसलो. पाय गेल्यापासून माझ्याशी इतकं सरळ कुणी बोललं नव्हतं. सगळे खालच्या आवाजात बोलायचे, जसा मी शेजारच्या खोलीत झोपलेलो आहे.

गेल्या हिवाळ्यात ताईंनीच मला पेपरातलं कात्रण दाखवलं. शहराच्या सुगम्यता सल्लागार समितीसाठी नागरिकांचे अर्ज मागवले होते. रस्ते, बागा, कार्यालयं, दवाखाने अपंगांना, म्हाताऱ्यांना वापरता येतील असे कसे करायचे, याचा सल्ला द्यायचा. पाच जागा होत्या.

"मी भरून राहिली," ताई म्हणाल्या. "तुमी बी भरा. तुमी तर इंजिनिअर. तुमचा नंबर पक्का."

मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू. इंजिनिअर, वर अपंग. आणखी काय पाहिजे त्यांना?

अर्ज चार पानी होता. जेवणाच्या टेबलावर बसून मी तो एका दुपारी लिहून काढला आणि बायकोला वाचायला दिला. ती शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली. घरातल्या किराण्याच्या यादीतलंसुद्धा ऱ्हस्व-दीर्घ तपासते. तीन पानं तिनं भराभर वाचली. चौथ्या पानावर प्रश्न होता, 'सुगम्यतेसंदर्भात आपण केलेले काम.' मी लिहिलं होतं, 'सेवाकाळात अनेक शासकीय इमारतींना रॅम्प बांधले.'

"अनेक म्हणजे किती?" तिनं विचारलं.

मी बोटांवर मोजलं. "सात. नाही, आठ."

"चांगले हायत का ते?"

यावर मी पाणी प्यायलो. ती पेन हातात धरून वाट बघत राहिली. वर्गात उत्तर न येणाऱ्या पोराची अशीच वाट बघत असणार.

आठांपैकी सात बरे असावेत. पण एकाची गोष्ट मला नीट आठवत होती. पातूरच्या पुढे एका गावातली शाळा. जोतं अडीच फूट उंच. एक फूट चढायला बारा फूट लांबी, हा हिशेब मला पाठ. म्हणजे तीस फुटांचा रॅम्प, मध्ये वळण घेऊन. नकाशात तसाच होता. पण जागेवर गेलो, तर वळणाच्या ठिकाणी झेंड्याचा ओटा. ओटा हलवायचा तर गावाची परवानगी, पत्रव्यवहार, मार्च महिना डोक्यावर. ठेकेदारानं माझ्याकडे पाहिलं. मी ओट्याकडे पाहिलं. आणि मी म्हणालो, "दहा फुटांत सरळ उतरव. अठी कोन येईन खुर्चीवर?"

हे वाक्य ठेकेदाराचं नव्हतं, सरपंचाचं नव्हतं. माझं होतं. आणि खाली सहीही माझी होती, वळणदार.

बायकोला मी हे सगळं सांगितलं. तिनं पेनाला टोपण लावलं. मग म्हणाली, "जाऊन पाहू या ना एकदा."

पुढच्या आठवड्यात आम्ही बडनेऱ्याहून रेल्वे पकडून अकोल्याला गेलो आणि तिथून भाड्याची गाडी केली. पातूर मागे पडलं. दोन्ही बाजूंना तुरीच्या शेंगा भरल्या होत्या, कापसाची वेचणी चालू होती. बायकोनं डब्यात ठेचा-भाकर घेतली होती, ती आम्ही गाडीतच खाल्ली. मला वाटत होतं, गावात पोचूच नये.

शाळा तशीच होती, रंग फक्त नवा. मधली सुट्टी झालेली. माझा रॅम्प मधोमध चकचकीत झाला होता. फरशी घासावी तसा. पोरं वर पळत जात होती आणि बसून सर्रकन खाली येत होती. खिचडी शिजवणाऱ्या बाई एक रिकामं पातेलं घासत होत्या. मी त्यांना विचारलं, हा रॅम्प कुणी वापरतं का?

"रॅम्प?" त्यांनी मान वर केली. "हे घसरगुंडी व्हय ना, भाऊ. आमच्याच शाळेत हाये फक्त, बाजूच्या गावात नाई."

बायकोनं तोंडावर पदर धरला. मी काठी सावरली आणि त्या उतारावर चढायला लागलो. नकली पायाचा घोटा वाकत नाही. चढावर टाच टेकत नाही आणि शरीर मागे जातं. चार पावलं गेलो. पाचव्याला अडकलो. पुढे जाता येईना, आणि वळून उतरायची हिंमत होईना. शेवटी बायको आणि खिचडीवाल्या बाई, दोघींनी दोन बाजूंनी धरून मला खाली आणलं.

"आमच्या गावात एक आजीबाई हाये," त्या बाई हात पुसत म्हणाल्या. "मतदानाले यायची. आता खुर्चीवर हाये, तर तिचा लेक तिले उचलून नेते. तो रागावते, हे कोन बांधलं म्हणून."

"म्या बांधलं," मी म्हणालो.

बाईंनी माझ्या काठीकडे, मग पायाकडे पाहिलं. "मंग तुमाले तर समजलंच असन आता," त्या म्हणाल्या आणि उरलेली खिचडी वाढायला गेल्या. आम्हा दोघांनाही एकेक ताटली दिली. गरम होती, हिंग चांगला पडला होता.

घरी येऊन मी ते वाक्य खोडलं आणि चौथ्या पानावर त्या रॅम्पची गोष्ट लिहिली. दहा फूट, अडीच फूट, झेंड्याचा ओटा, माझं वाक्य, माझी सही, सगळं. बायकोनं एक काना दुरुस्त केला, बाकी हात लावला नाही. ताईंबरोबर जाऊन मी अर्ज देऊन आलो. त्यांनी चार पानांपैकी एकच भरलं होतं. मला दाखवलं नाही.

महिन्याभरानं मुलाखतीला बोलावणं आलं. तळमजल्यावरची खोली, समोर तिघं. मध्ये एक महिला अधिकारी, एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला एक निवृत्त प्राध्यापक, ज्यांना दिसत नव्हतं. त्यांच्यासमोर ब्रेलमधले कागद होते आणि ते बोटं फिरवत ऐकत होते. अधिकारी बाई म्हणाल्या, "तुमचा अर्ज आम्हाला आवडला. असं कुणी लिहीत नाही."

मी जरा फुगलो. मनातल्या मनात खुर्ची पुढे ओढून घेतली.

तेवढ्यात प्राध्यापकांनी विचारलं, "त्या रॅम्पचं पुढं काय केलं तुम्ही?"

"पुढं म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही जाऊन पाहिलं, वाईट वाटलं, लिहिलं. ठीक. आता तो रॅम्प कसा आहे?"

"आहे तसाच आहे."

"बरं," ते म्हणाले, आणि पुढच्या कागदावर बोटं ठेवली. आवाजात राग नव्हता. रिक्षातून घरी येईपर्यंत ते 'बरं' माझ्या कानात होतं. कबुली दिली की काम झालं, असं मी समजून बसलो होतो. बिलावर सही केली की काम झालं, असं समजायचो तसंच.

यादी लागली तेव्हा ताईंचं नाव दुसरं होतं. माझं नव्हतं. ताई पेढे घेऊन आल्या. मला वाईट वाटेल म्हणून दारातच थांबल्या. मला वाईट वाटलंच, दोन दिवस धड बोललो नाही. बायकोनं तिसऱ्या दिवशी चहा पुढे ठेवत विचारलं, "तुमाले समितीत जायचं होतं का रॅम्प नीट करायचा होता?"

"दोन्ही," मी म्हणालो.

"मंग एक तर तुमच्या हातात हाये."

मी जुनी पट्टी, गुण्या काढले आणि टेबलावर नवा नकाशा काढला. तीस फूट, मध्ये वळण, वळणावर पाच फुटांची सपाट जागा, दोन्ही बाजूंना दांडी. शाळेच्या मुख्याध्यापिकांना फोन केला, सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, ओट्याचं गावाला विचारावं लागेल. मी पुन्हा गेलो. शाळेच्या वऱ्हांड्यात बैठक झाली. मला वाटलं होतं, झेंड्याचा ओटा म्हटल्यावर भांडण होईल. पण त्या आजीबाईंचा मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "ओटा चार पावलं सरकवला तर झेंडा काही खाली येत नाई." लोक हसले आणि विषय मिटला. त्या वेळी मी जी परवानगी मागायला घाबरलो होतो, ती मिळायला पाच मिनिटं लागली.

ग्रामपंचायतीनं काम घेतलं. मी चार वेळा जाऊन उभा राहिलो, उताराला पाणसळ लावून लावून गवंड्याला भंडावून सोडलं. पोरांनी आधी तक्रार केली की आमची घसरगुंडी गेली, म्हणून गवंड्यानं उरलेल्या मालात मागच्या बाजूला एक खरी घसरगुंडी काढून दिली. ती माझ्या नकाशात नव्हती. मी तिच्यावर सही केली नाही, पण एकदा हात फिरवून बघितला. गुळगुळीत होती.

हे सगळं मी समितीला कळवलं नाही. ताईंनी कळवलं. उन्हाळा सुरू होताना मला पत्र आलं, 'निमंत्रित सदस्य'. मतदानाचा अधिकार नाही, पण पाहणीला यायचं, मापं घ्यायची, सांगायचं. बायकोनं पत्र दोनदा वाचलं आणि एकही चूक काढली नाही.

पहिली पाहणी एका बागेत होती, सकाळी साडेसातला. ऊन तापायच्या आत आटोपायचं म्हणून. ताई, प्राध्यापक, मी आणि एक कारकून. मी पट्टी घेऊन पाण्याच्या नळाची उंची मोजायला लागलो आणि आकडा सांगितला. ताई म्हणाल्या, "साहेब, आकडा राहू द्या. इकडं या."

त्या बाकावर सरकून बसल्या आणि आपली खुर्ची मोकळी केली. "बसा."

मी आयुष्यात व्हीलचेअरवर बसलो नव्हतो. दवाखान्यातही स्ट्रेचर होतं, मग वॉकर. काठी कारकुनाकडे दिली आणि बसलो. खुर्ची ताईंच्या मापाची, मला तंग होत होती. प्राध्यापकांनी मागे येऊन हँडल चाचपलं आणि म्हणाले, "मी ढकलतो, तुम्ही रस्ता सांगा."

"सरळ. आता जरा डावीकडं. थांबा, थांबा, इथं पाइप हाये."

असे आम्ही दोघं नळापर्यंत गेलो. मी हात लांब केला. तोटीला बोटं टेकली, पण फिरवता येईना. नळ उंच नव्हता, खालच्या कठड्यामुळे खुर्चीच पुढे जात नव्हती. पट्टीनं हे मला कधीच सांगितलं नसतं.

"पोचते का हात?" बाकावरून ताईंनी विचारलं.

"पोचते, पण पाणी नाई येत."

"लिहा मंग तसंच," त्या कारकुनाला म्हणाल्या.

त्यानं लिहून घेतलं. प्राध्यापकांना तहान लागली होती. मी त्यांना नळाची जागा सांगितली, ते माझ्या बाजूनं वाकले, तोटी फिरवली आणि ओंजळीनं पोटभर पाणी प्यायले. उरलेलं पाणी त्यांनी तोंडावर मारलं, त्यातलं अर्धं माझ्या शर्टावर आलं. मी पुसलं नाही. एवढ्या सकाळीही ऊन लागायला लागलं होतं, गार पाणी बरं वाटलं.