सुभेदाराची खुर्ची

आमच्या घरात एक खुर्ची आहे आणि तिच्यात कोणी बसायचं नाही. शिसवी, वेताची, रुंद हातांची. निजामाचा सुभेदार दौऱ्यावर अजिंठ्याकडच्या आमच्या गावी आला, मेंढरं राखणाऱ्या माझ्या पणजोबांवर खूश झाला आणि बसायची खुर्चीच बक्षीस देऊन गेला, असं मोठे काका येईल त्या पाहुण्याला ऐकवतात. गाव सोडून शहरात, मुकुंदवाडीत राहायला आलो तेव्हा कपाट गावीच राहिलं, खुर्ची मात्र आली. दसऱ्याला तिला झेंडूची माळ असते. आम्ही आपले सतरंजीवर.

मागच्या वर्षी आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. खाली बसायचं नाही, हातांची उंच खुर्ची वापरा, असं डॉक्टरांनी बजावलं. घरी आलो. आई वॉकर धरून त्या खुर्चीसमोर उभी राहिली आणि काका म्हणाले, जरा थांबा, शेजारून प्लास्टिकची आणतो, हिच्यात आजवर घरचं कोणी बसलेलं नाही. माझं टाळकंच सरकलं. जिनं चाळीस वर्षं ती खुर्ची पुसली तिला टेकायची मनाई, आणि कोण कुठला मेलेला सुभेदार, त्याची जागा राखून ठेवायची! मी तोंडाला येईल ते बोललो. काका ऐकेनात. घराण्याची इज्जत आहे ती, म्हणाले.

तेव्हा आई बोलली. काकांसमोर जन्मात तिनं आवाज काढला नव्हता. आताही माझ्याकडे बघूनच बोलली.

"बक्षीस नाय दिली कुणी. तुझ्या पणज्याला वेठीला धरलं व्हतं. सायबाची खुर्ची डोक्यावर देऊन गावोगाव पळवला. घाटात पडला, खुर्चीचा पाय मोडला, तवा दोघांलाबी तिथंच टाकून गेले. तुझ्या आजीनं सांगितलंय मला, लोकर कातताना."

मी वाकून बघितलं. मागच्या पायाला लोखंडी पट्टी होती. लहानपणापासून मी ती नक्षी समजत आलो होतो, कारण काकांनीच तसं सांगितलं होतं. त्यांना सगळं ठाऊक होतं, चेहऱ्यावरच दिसत होतं. मला सगळ्यात जास्त चीड त्याची आली. इतक्या दसऱ्यांत ओझं वाहणाऱ्या म्हाताऱ्यासाठी एक फूल निघालं नाही.

आईनं वॉकर सोडला, खुर्चीचे हात धरले आणि सावकाश बसली. वेत करकरला. काका अजून दारातच उभे होते.

"त्यान्ला म्हणावं, बसा सतरंजीवर," आई मला म्हणाली. "अन् च्या टाक."