उघडं कपाट

वायरमनने घरचा स्टिरिओ जुन्या बाजारात चपला झिजवून जमवला होता. अ‍ॅम्प्लिफायर मोडीतला, स्पीकर कुणाच्या तरी गाडीतले, त्यांची खोकी जुन्या पलंगाच्या फळ्यांची. पण मेला आवाज खोलीभर घुमायचा, गाण्याचे शब्दच कळायचे नाहीत. एकदा मुलीच्या कपड्यांचं कपाट उघडं राहिलं आणि गाणं एकदम स्वच्छ ऐकू आलं. कपडे घुमारा गिळत होते! तेव्हापासून कपाट कायम उघडं.

"बाबा, माझ्या कपड्यांचं प्रदर्शन मांडलंय का?" मुलगी करवादायची. हा गाण्याचा आवाज आणखी वाढवायचा.

मग मुलगी नोकरीसाठी परगावी गेली. रविवारी त्याने गाणं लावलं, तर पुन्हा तोच घुमारा. त्याने वायरी तपासल्या, स्पीकर सरकवले, बाजारवाल्याचा उद्धार केला.

"उगाच त्याच्या नावाने खडे फोडू नका," बायको म्हणाली. "कपाट रिकामं झालंय."