जुन्या कॅमचा आवाज

जेवण अंगावर आलंय. यासीन मिस्त्रींच्या गॅरेजमधल्या बाकड्यावर मी जरा कलंडते. डोळा लागतोय न लागतोय तोच आमचे हे समोर उभे! जाऊन वर्ष झालं, पण अंगात तीच मळकी खाकी पॅन्ट.

"मिस्त्रीला काय सांगितलंस?" हे विचारतात.

"तुमच्या ट्रकच्या इंजिनातला जुनाच कॅमशाफ्ट घासून बसवा म्हटलं. नवा नको."

"अगं, झिजलाय तो!"

"झिजू दे. त्याच्यामुळेच गाडी तशी अडखळत बोलायची. नाक्यावर तो आवाज आला की मी तवा ठेवायची. नवा कॅम टाकला की ट्रक परक्याचा वाटेल. मला तो आवाज पाहिजे, कळलं?" मला राग येतो तो यांचाच. मेले ते मेले, वर अक्कल शिकवतात!

हे गालात हसतात. बाकड्याची आता केबिन झालीय. फोंडा घाटाचा चढ, मागे पोत्यांचा लोड आणि स्टिअरिंगवर आमची कस्तुरी. ओठ चावून ती गिअर उतरवते, तरी इंजिन दम टाकतं. गाडी मागे सरकते.

"सोमवारपासून पोरगी चालवणार ना?" हे हळूच म्हणतात.

मी केबिनचा दरवाजा घट्ट धरते. "मग मिस्त्री म्हणतात तो जादा उंचवट्याचा नवा कॅम घेते. जोरात तरी पळेल."

"तो सपाटीला पळतो, चढाला लोड ओढत नाही. कंपनीच्या मापाचाच घे, गौरे."

केबिनमध्ये आमची चूल पेटलीय. परातीत पिठाऐवजी जुना कॅमशाफ्ट, उंचवट्यांचा लोखंडी दांडा. हे माझा अंगठा धरून नख त्याच्या उंचवट्यावरून फिरवतात. मिस्त्री लोक असंच तपासतात, नख अडकलं की शाफ्ट गेला. माझं नख कचकन अडकतं. हे हात सोडत नाहीत, मीही सोडवून घेत नाही.

"जेवून जा की," मी म्हणते.

"वाढ. बसलोय."

"वहिनी, जुना घासायला पाठवू?" मिस्त्री विचारतायत. मी उठून बसते.

"नको. कंपनीच्या मापाचा नवा बसवा. कस्तुरीला घाट चढायचाय."

तो जुना शाफ्ट तिकडे फडक्यात बांधलेला आहे, मी त्याला हातही लावलेला नाही. पण माझ्या अंगठ्याचं नख तुटलंय आणि आत काळं वंगण भरलंय.

"साबण तिथं आहे," मिस्त्री म्हणतात.

मी नळ सोडते, आणि तसाच बंद करते.